नाक्यावरचा पहारा, आणि चावी कोणाकडे?

(उद्योग करणाऱ्या महिला गटांच्या दादर येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संकेतस्थळाची सुरक्षा’ असा विषय छापला आहे. तो वाचून सकाळपासून दोघीतिघींनी मला विचारलं, “ताई, आमचा धंदा चकली-चिवड्याचा. पैसे बँकेत जमा होतात, ते बँक सांभाळते. मग आमच्या संकेतस्थळावर चोरण्यासारखं आहे काय?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

चोरण्यासारखी आहे ती यादी. तुमच्याकडे फराळ, मसाले, पापड मागवणाऱ्या बहुतेक बायका असतात. त्या नाव लिहितात, फोन नंबर लिहितात, इमारत, मजला, खोली नंबर लिहितात. आणि खाली ‘सूचना’ म्हणून जी चौकट असते, तिच्यात काय लिहितात ते कधी सलग वाचून बघा. ‘सातनंतर या, दिवसभर घरी कोणी नसतं.’ ‘दुपारी द्या, तेव्हा मी एकटीच असते.’ ‘वरच्या पत्त्यावर माझं नाव विचारू नका, बहिणीचं विचारा.’ ही शेवटची ओळ लिहिणारी बाई कोण असेल, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. नवऱ्याचं घर सोडून बहिणीकडे राहणाऱ्या बाईचा पत्ता आपल्या चिवड्याच्या ऑर्डरीत पडलेला असतो. तिने तो आपल्याला विश्वासाने दिलेला आहे. म्हणून आपल्यासाठी हा प्रश्न धंद्याच्या नुकसानीइतकाच बायकांच्या जिवाचाही आहे.

या भागातल्या बायकांना असा विश्वास सांभाळणं नवीन नाही. परळ-लालबागच्या खानावळवाल्या गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. कोणाचं किती जेवण झालं, कोणाची किती उधारी, याचा हिशोब त्या ठेवायच्या, काही जणी तर नुसता डोक्यात. त्यांची कमाई मात्र वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजात जायची. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज या बायकांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिलं. नावावर, हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याही आधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथेही, लाटणारी बाई नोकर नाही, ती मालक आहे, हाच पाया होता. ‘लिज्जत’ तिथून मोठं झालं. संकेतस्थळाच्या बाबतीत आपण तो धडा विसरत चाललो आहोत का, हे पुढे बघू.

आता लालबागच्या एका गटाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, त्यांना ते नको आहे. फराळ आणि मसाले करणाऱ्या नऊ जणी. एका मुलाकडून त्यांनी संकेतस्थळ करून घेतलं होतं, परदेशातूनही ऑर्डरी यायच्या. दिवाळीच्या आधी संकेतस्थळ अडखळायला लागलं. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने कळवलं, की तुमच्याकडे गर्दी जास्त आहे, वरचं पॅकेज घ्या. बायका खूश झाल्या, की धंदा वाढला. पण ऑर्डरी तर तेवढ्याच! मी नोंदी उघडून बघितल्या. गर्दी गिऱ्हाइकांची नव्हतीच. एक यंत्र रात्रभर लॉग-इनच्या पानावर एकामागून एक पासवर्ड लावून बघत होतं. आणि ऑर्डर नंबर विचारणाऱ्या चौकटीत कोणीतरी नंबरऐवजी भलतंच काही लिहीत होतं.

त्या भलत्याचा अर्थ सांगते. समजा रेशन दुकानात चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आहे, आणि आतला माणूस चिठ्ठीवर असेल ते डोळे मिटून करतो. एकाने लिहिलं, ‘शांता, आणि सगळ्यांची कार्डं बाहेर आणून द्या.’ आतल्या माणसाने कार्डं आणून दिली. माहितीच्या साठ्याला असा हुकूम घुसवण्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ही युक्ती १९९८ पासून जाहीरपणे माहीत आहे, तिच्यावरचा उपायही माहीत आहे, आणि तरी ती चालते. कारण घाईत, स्वस्तात बांधलेली संकेतस्थळं संपत नाहीत. हे करणाऱ्याला लालबाग कुठे आहे हेही माहीत नसतं. यंत्र हजारो दारं ठोठावत फिरतं, ज्याची कडी सैल ते उघडतं.

यावर जो पहारा मिळतो, त्याचं नाव वेब ॲप्लिकेशन फायरवॉल. क्लाउडवरचा, म्हणजे आपल्याकडे कुठलं यंत्र बसवायचं नाही, पहारा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रांवर तो चालतो. मुलुंड-दहिसरचे जकात नाके तुम्हाला आठवत असतील. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण त्याआधी शहरात येणारा प्रत्येक ट्रक तिथे थांबायचा, कागद तपासले जायचे, गरज पडली तर ताडपत्री उघडून माल बघितला जायचा. हे तसंच आहे. आपल्या डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, नोंदीत बदल करायचा. मग येणारं प्रत्येक जण आधी कंपनीच्या नाक्यावर जातं. तिथे नियमांची यादी असते. चौकटीत हुकूम लिहिलाय का? एकाच ठिकाणाहून मिनिटाला शंभर वेळा पासवर्ड येतोय का? तसं असेल तर तिथूनच परत, नाहीतर पुढे आपल्या सर्व्हरकडे. दुसरा फायदा असा, की एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये नवं भोक सापडलं, तर ते बुजवेपर्यंत नाक्यावर अडवता येतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जगभर वापरल्या जाणाऱ्या तुकड्यात असं भोक सापडलं, तेव्हा पहारा देणाऱ्या कंपन्यांनी काही तासांतच त्यासाठी नियम टाकले.

खर्चाचं विचाराल, तर क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या फुकट खात्यातही २०२२ पासून नियमांचा एक मूलभूत संच मिळतो. छोट्या गटाला सुरुवातीला तेवढा पुरतो. त्याच कंपनीची ‘प्रोजेक्ट गॅलिलिओ’ ही योजना २०१४ पासून आहे. मानवी हक्क, पत्रकारिता, सामाजिक काम करणाऱ्या, आणि त्यामुळे ज्यांच्यावर हल्ले होतात अशा संस्थांना ती वरचा पहारा फुकट देते. ती धंद्यासाठी नाही, पण इथे बसलेल्या ज्या संघटना कौटुंबिक हिंसेचं काम करतात, मदतीसाठी अर्ज घेतात, त्यांनी जरूर अर्ज करावा. अमेरिकेत २०१५ च्या जुलैमध्ये प्लॅन्ड पॅरेंटहूड या स्त्री-आरोग्याच्या संस्थेची संकेतस्थळं हल्ल्यांमुळे बंद पडली होती. बायकांच्या बाजूने बोलणाऱ्यांवर मुद्दाम हल्ला होतो. तो कुठल्या सैल कडीच्या शोधातला नसतो.

पण नाका बसवला म्हणजे झालं, असं मी म्हणणार नाही. विकणारे तसंच म्हणतात, म्हणून तर आपण जास्त बघायचं.

पहिली गोष्ट, नाक्यावर ताडपत्री उघडली जाते. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारचं कुलूप बघून आपण समजतो, की मधे कोणी वाचत नाही. इथे ते कुलूप नाक्यावर उघडतं आणि पुढे पुन्हा लागतं. म्हणजे त्या बाईचा बहिणीकडचा पत्ता पहारेकरी कंपनीच्या यंत्रातून उघडा जातो. हे पत्करायचं की नाही, हे डोळे उघडे ठेवून ठरवा. मी त्या गटाला पत्करा म्हटलं, कारण समोरचा धोका त्याहून मोठा होता.

दुसरी, मागचा रस्ता. आपल्या सर्व्हरचा मूळ आकडी पत्ता ज्याला कळला, तो नाक्याला वळसा घालून थेट दारात येतो. म्हणून सर्व्हरला सांगून ठेवावं लागतं, की नाक्याकडून आलेलं तेवढंच आत घे. हे काम अनेकदा राहून जातं. करून देणाऱ्याला विचारा, आणि करून दाखव म्हणा.

तिसरी गंमतीची वाटेल, पण आहे गिऱ्हाईक घालवणारी. हुकूम घुसवायला जे चिन्ह सर्वात जास्त वापरतात, ते इंग्रजीतलं वरचं एकेरी अवतरण. आणि आपल्या माझगाव-दादरच्या डिसोझा, डिसिल्व्हा बायका आपलं नाव इंग्रजीत लिहिताना नेमकं तेच चिन्ह घालतात! कडक नियम लावला, की डिसोझाबाईंची ऑर्डर चोर म्हणून परत. देवनागरीत लिहिलेल्या पत्त्यावरही काही नियमांना उगाच संशय येतो, कारण ते इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. (नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण असतं, हा आपला जुनाच प्रश्न!) म्हणून पहिले पंधरा दिवस नियम ‘फक्त नोंद करा, अडवू नका’ असे ठेवायचे. कोण कोण अडलं असतं ते बघायचं, आणि मग अडवायला लावायचं.

चौथी, पहाराही चुकतो. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरच्याच फायरवॉलमधल्या एका नव्या नियमाने त्यांची यंत्रं गुदमरली आणि जगभरची असंख्य संकेतस्थळं सुमारे अर्धा तास बंद पडली. १८ नोव्हेंबर २०२५ ला ही कंपनी पुन्हा कित्येक तास अडखळली. त्याच २०१९ साली अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेतून १० कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली, आणि आत शिरण्याची वाट होती चुकीचा बसवलेला फायरवॉलच. म्हणून ऐन दिवाळीत ऑर्डर घेण्याची दुसरी सोय, निदान एक फोन नंबर, कायम चालू ठेवा.

आणि सर्वात महत्त्वाचं. जे सभ्यपणे मागितलं जातं, त्याला नाका अडवत नाही. लालबागच्या गटाचं बिल ज्या पत्त्यावर उघडायचं, त्याच्या शेवटी बिलाचा नंबर होता. ४१२ च्या जागी ४१३ लिहिलं, की दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल नाव-पत्त्यासकट समोर! यात हुकूम नाही, वाकडं चिन्ह नाही, गर्दी नाही. पहारेकऱ्याला वाटतं, एक माणूस एक बिल बघतोय. बायकोचा माग काढणाऱ्या नवऱ्याला कुठलीही विद्या लागत नाही, एक संध्याकाळ मोकळी असली की पुरे. हे संकेतस्थळ बांधणाऱ्यानेच दुरुस्त करायचं असतं: बिल उघडण्याआधी, मागणारी व्यक्ती तीच आहे का, हे तपासायचं. आपलं संकेतस्थळ असं आहे का, हे तुम्ही आज घरी जाऊन स्वतः बघू शकता. आपल्याच बिलाचा नंबर एकाने बदलायचा, एवढंच.

तसंच घरातल्या माणसाला पासवर्ड माहीत असेल, तर जगातला कुठलाच नाका त्याला थांबवत नाही.

आता चावीकडे येते. लालबागला आम्ही सगळं ठरवलं, आणि डोमेनच्या नोंदीत बदल करायला बसलो, तेव्हा कळलं की डोमेन त्या गटाचं नाहीच. ते होतं एकीच्या दिराच्या नावावर. सुरुवातीला त्याने ‘मी घेऊन देतो’ म्हटलं होतं. ओटीपी त्याच्या मोबाईलवर. मधल्या काळात घरात खोलीवरून भांडण झालेलं. तो म्हणाला, “बघू.” नऊ जणींची कमाई, शेकडो बायकांचे पत्ते, ऐन दिवाळी, आणि सगळं एका माणसाच्या ‘बघू’वर अडकलं. आठ दिवस गेले. मग आम्ही चौघी त्याच्या दुकानात जाऊन बसलो. घोषणा दिल्या नाहीत की काही नाही. नुसत्या बसलो, गिऱ्हाइकं येत होती, बघत होती. दीड तासाने त्याने ओटीपी दिला.

मी नंतर इतर गटांत विचारत गेले. कुठे मुलगा, कुठे जावई, कुठे संकेतस्थळ बांधणारा मुलगाच मालक. खोली नवऱ्याच्या नावावर, रेशन कार्ड सासऱ्याच्या नावावर, यावर आपण वर्षानुवर्षं बोललो. आणि नवी मालमत्ता उभी राहिली, तर ती आपणच पुन्हा त्यांच्या नावावर करून दिली. कोणी बळजबरी केली नाही. ‘त्यातलं मला कळत नाही’ एवढं वाक्य पुरलं. डोमेनची नोंद, सर्व्हरचं खातं आणि पहाऱ्याचं खातं, तिन्ही गटाच्या नावावर हवीत. दोन जणींकडे स्वतंत्र लॉग-इन हवं, आणि ओटीपी गटाच्या मोबाईलवर यायला हवा.

कायद्याचं थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. लोकांची माहिती घेणाऱ्याने ती सांभाळण्याची वाजवी व्यवस्था केली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आकड्याने घाबरू नका, पण जबाबदारी आपली आहे हे ओळखा. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी आणि सेवा देणाऱ्यांनी असे हल्ले ६ तासांत कळवायचे असतात आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. तुमच्या होस्टिंगवाल्याला त्याबद्दल विचारा. पैशाची फसवणूक झाली, तर १९३० हा नंबर ताबडतोब लावायचा.

लालबागच्या गटाने आणखी एक केलं, आणि ते मला पहाऱ्याहूनही पटलं. सूचनांची चौकट ते माल पोचल्यावर पुसून टाकतात. हिशोबाला बिल लागतं, ते ठेवतात. ‘दुपारी एकटी असते’ हे हिशोबाला लागत नाही. जे आपल्याकडे नाहीच, ते कोण चोरणार? डोमेन आता दोघींच्या हाती आहे, आणि ते नवं करायची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली आहे, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली.

कागद-पेन घेऊन पुढे या. तुमचं डोमेन कोणाच्या नावावर आहे, ते मोबाईलवर कसं शोधायचं, ते आता एकेकीला दाखवते.