सोबत राहिल्याचा दाखला



ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या माणसाला आपला परदेशी जोडीदार तिकडे न्यायचा आहे आणि दोघांचं लग्न झालेलं नाही. त्यांचं नातं खरं आहे, हे कुणी आणि कशावरून ठरवायचं? आज मी एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

हा प्रश्न आपल्या घरचा नाही, असं समजू नका. 1997 पर्यंत ब्रिटनमध्ये ‘प्रायमरी पर्पज’ नावाचा नियम होता. लग्न मुख्यतः ब्रिटनमध्ये शिरण्यासाठी केलेलं नाही, हे बाहेरून येणाऱ्यानं सिद्ध करायचं. नियम सगळ्यांना होता, पण त्याची झळ बसली ती आपल्या उपखंडातून जाणाऱ्या नवऱ्यांना. कांदेपोहे, बैठक, साखरपुडा अशा वाटेनं जुळलेलं लग्न ब्रिटिश अधिकाऱ्यांना संशयास्पद वाटे. मनात काय नव्हतं, याचा पुरावा माणूस कुठून आणणार? जून 1997 मध्ये लेबर सरकारनं तो नियम रद्द केला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, ज्यांना कायद्यानं लग्नच करता येत नाही अशा जोडप्यांना पहिली सवलत मिळाली. तिचा मोठा लाभ समलिंगी जोडप्यांना होणार होता. अट मात्र चार वर्षं एकत्र राहिल्याची! एका देशात राहायला व्हिसा हवा आणि व्हिसासाठी आधी एकत्र राहिलेलं हवं. 1999 मध्ये चाराची दोन वर्षं झाली, 2000 मध्ये ही तरतूद नियमावलीत आली. डिसेंबर 2005 पासून सिव्हिल पार्टनरशिपची, म्हणजे समलिंगी जोडप्यांच्या लग्नासारख्या कायदेशीर नात्याची, नोंदणी सुरू झाली आणि नोंदणी केलेल्या जोडीदाराला इमिग्रेशनच्या बाबतीत नवरा-बायकोचं स्थान मिळालं. उरला तो नोंदणी नसलेल्यांचा प्रश्न.

समजा, पुण्यातली एक मुलगी आहे आणि तिची जोडीदार लीड्सला स्थायिक आहे. भारतात त्यांना लग्न करता येत नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क मान्य केला नाही. वाग्दत्त म्हणून व्हिसा काढून ब्रिटनमध्ये लग्न करता येतं, पण त्या सहा महिन्यांत नोकरी करता येत नाही आणि पुढे पुन्हा अर्ज, पुन्हा फी. मग उरते अविवाहित जोडीदाराची वाट. तिथे काय मागत? दोघींच्या नावचा भाडेकरार, विजेचं बिल, बँकेतलं जॉइंट खातं. इथे तर घरमालकाला ‘मैत्रिणी आहोत’ एवढंच सांगितलेलं असतं. बिल एकीच्याच नावावर येतं, फोटो लपवलेले असतात. घरच्यांपासून जे जपून ठेवावं लागलं, तेच परक्या अधिकाऱ्यापुढे मांडायचं. हा मला या नियमातला सगळ्यात मोठा अन्याय वाटत आला आहे.

31 जानेवारी 2024 पासून तो बराचसा दूर झाला. दोन वर्षांचं नातं आजही लागतं, पण एका छपराखाली राहिलेलं असण्याची सक्ती गेली. नोकरी किंवा शिक्षणामुळे दूर राहावं लागलं, समाजानं एकत्र राहू दिलं नाही, हेही आता समजून घेतलं जातं. नियमित संपर्क, एकमेकांना पाठवलेले पैसे, एकत्र केलेले प्रवास यांतून नातं दाखवता येतं.

पण लगेच 11 एप्रिलला, तिकडच्या जोडीदाराच्या वार्षिक उत्पन्नाची किमान मर्यादा 18,600 पौंडांवरून 29,000 वर गेली. उत्पन्न नसेल तर 88,500 पौंडांची शिल्लक दाखवा! आपली पुण्यातली मुलगी आयटीत कितीही कमावत असो, पहिल्या अर्जात तिचा इथला पगार धरला जात नाही. लीड्समध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या किंवा दुकानात काम करणाऱ्या बाईनं प्रेम करावं की नाही, हे तिच्या पगारावरून ठरवणं मला मान्य नाही. सरकारी मदतीवर भार पडू नये हा हेतू मी समजू शकतो. पण मग घरात येणाऱ्या दुसऱ्या कमावत्या व्यक्तीची कमाई का नाकारायची?

तुमच्यापैकी बरेच जण आई-वडील आहेत, म्हणून एक सांगतो. अशा अर्जांना कुटुंबीयांची आणि स्नेह्यांची पत्रं जोडतात. ‘ही माझी मुलगी, ही तिची जोडीदार, आम्ही दोघींना अमुक वर्षापासून ओळखतो,’ असं तारखांसह, साध्या शब्दांत लिहिलेलं आणि खाली सही केलेलं पत्र. मुलांनी ते मागितलं, तर लिहून द्या.