छप्पर देणाऱ्याचं नाव

माननीय अध्यक्ष, ऊर्जा दक्षता ब्युरो आणि महाऊर्जाचे अधिकारी, वास्तुविशारद, अभियंते, बिल्डर मंडळी आणि पहाटेच्या गाडीने आलेले इंदापूरकर,

बारामतीच्या वतीने, आणि इंदापूरच्याही वतीने, आपलं स्वागत करतो. ‘इंदापूरच्याही’ हे काल रात्री घातलं, नाहीतर मालोजीराजांच्या गावाला विसरलात म्हणून उद्या मला बाजारात उभं केलं नसतं.

मी गुळाचा व्यापारी. घराला तारे देणं हा माझा विषय नाही. पण बारामतीत आलेल्या पाहुण्याला बाबूजी नाईकांची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पाणीही देत नाही. आपण सगळे मोरोपंतांना ओळखता. आर्या म्हटली की मोरोपंत. पन्हाळ्याला 1729 मध्ये जन्मलेला हा कवी ज्यांच्या पदरी पुराणिक म्हणून राहिला, ते बाबूजी नाईक जोशी मात्र कुणाला आठवत नाहीत. केवढा बडा सावकार! पेशव्यांना कर्ज देणारं हे घराणं. भाऊ आबाजी नाईक म्हणजे बाळाजी विश्वनाथांचे जावई. 1740 मध्ये पहिले बाजीराव गेले तेव्हा बाबूजींनी स्वतःच पेशवाई मागितली, रघूजी भोसल्यांनी त्यांची बाजू लावून धरली. शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली. मला विचाराल तर, पेशवाई मिळाली असती तर बारामती पुण्याच्या पुढे असती. हे माझं मत आहे, इतिहासकारांनी मनावर घेऊ नये.

कऱ्हेकाठचा त्यांचा वाडा वाटेत लागतो. चहा सोडा, पण तो बघाच. वैशाखातल्या दुपारी त्याच्या जाड भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. बाहेर डांबर पाघळतंय आणि पाठीला गारवा! आमच्या भागातल्या धाब्याच्या घरांचंही तेच, तुळयांवर फळ्या आणि वर पांढरीच्या मातीचा जाड थर. आता स्लॅब आणि पत्रे.

परवा आपल्यापैकी दोघांनी माझं घर तपासलं. दारात एक पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढली आणि उदबत्ती घेऊन घरभर फिरले. देवघराच्या खिडकीपाशी धूर असा आत वळला की सौ. म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं आपण गल्ली गार करतोय?” रात्री दहाला कॅमेरा छताकडे धरला, तर स्लॅब काहिलीतल्या रसासारखा पिवळाधमक. मग त्यांनी मला इको निवास संहिता समजावली. 2018 ची ही संहिता म्हणते, भिंती-खिडक्यांतून सरासरी चौरस मीटरला 15 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. छपरासाठी वेगळा आकडा, 1.2. फ्रिजवर असतात तसे तारे घरालाही, एकापासून पाचापर्यंत. ती योजना 2019 ची. मला किती मिळतील, असं विचारलं. पाहुणे सभ्य होते, त्यांनी चहा मागितला.

आता क्षमेचं. लग्नतिथींमुळे लॉज मिळाले नाहीत, म्हणून आपल्याला घरोघरी उतरवलं. वरच्या मजल्यावर झोपलेल्यांनी तो 1.2 चा आकडा रात्रभर स्वतःच्या अंगावर मोजला असेल. या सभागृहाचा एसी सकाळी नऊला बंद पडला. कूलर आणले, पण ते मागच्या रांगेलाच ऐकू येतात, लागत नाहीत. बिल्ल्यांवर ‘ऊर्जा’चं ‘उर्जा’ झालं आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी ते तीनदा दाखवलं आहे. भिगवणची चिलापी रात्रीच्या पंक्तीला आहे, शाकाहारींची ताटं वेगळ्या मांडवात.

आणि देणगीदार! साखरेचे पाच डबे देऊन ‘नाव घेऊ नका’ म्हणणारे, मांडवाचं भाडं अर्ध्यावर आणणारे, जनरेटरचं डिझेल स्वतः भरणारे, दोनशे गाद्या पाठवून त्यातल्या अठरा परत मागणारे (त्यांच्याकडेही लग्न आहे). महिला बचत गटाच्या भगिनींनी तीनशे पुरणपोळ्या लाटल्या. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी पहाटे पटांगण झाडलं. इंदापूरच्या मंडळींनी डाळिंबाच्या पेट्या आणल्या, त्यातली एक व्यासपीठामागे फुटली आहे, तिकडून जाताना जपून. कुणाचं राहिलं असेल तर जेवायच्या आत माझा कान धरा. बाबूजींचं राहिलं तसं व्हायला नको.

आता अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करावं. कूलर मिनिटभर बंद करा रे, समई विझेल.