डंपरवरची खुर्ची

(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत रायपूर येथे दिलेले व्याख्यान)



टाटीबंध चौकात संध्याकाळी दहा मिनिटे उभे राहिले, की या शहराचे पोट कशावर चालते ते कळते. सिलतऱ्याच्या भट्ट्यांकडे निघालेला कोळसा, तिकडून परतणारे लोखंड, बलौदाबाजारकडून येणारे सिमेंट. या गाड्यांना आपल्याकडे कुणी टिपर म्हणत नाही, हायवा म्हणतात. खाणीतल्या अजस्र डंपरला जुने कामगार हॉलपॅक म्हणतात. दोन्ही मुळात व्यापारी नावे, पण इथे ती गाडीचीच होऊन बसली आहेत.

१० मे २०२५ रोजी याच शहरात मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी अदानी एंटरप्रायझेसच्या एका ट्रकला हिरवा झेंडा दाखवला. खाणीच्या मालवाहतुकीसाठी हायड्रोजनवर चालणारा देशातला पहिला ट्रक. हायड्रोजनच्या तीन टाक्या, ४० टन माल आणि २०० किलोमीटरचा पल्ला. रायगढ जिल्ह्यातल्या गारे पेलमा-३ या खाणपट्ट्यातला कोळसा राज्याच्या वीज केंद्राकडे नेण्याचे काम त्याला दिले गेले. (आपला शिवरायांचा रायगड नव्हे, इथला रायगढ.) टाकीत हायड्रोजन असला तरी चाक फिरते विजेवरच. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात, वीज तयार होते, आणि धुराच्या जागी पाण्याची वाफ निघते. घरी टीव्हीवर सगळे त्या टाक्यांकडे पाहत होते. माझी नजर मात्र ड्रायव्हरच्या खुर्चीवर होती, आणि त्या खुर्चीत माणूस बसलेला होता. आजचे माझे बोलणे त्या खुर्चीबद्दल आहे.

माझी नोकरी कोळशाच्या उघड्या खाणींत गेली. ज्यांनी २४० टनी डंपर जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्याचे एक चाक साडेतीन मीटर उंच असते. आपल्या घराचे छत तिथे संपते. डिझेलची टाकी साडेचार हजार लिटरची. ऑपरेटर जिना चढून वर जातो आणि डाव्या बाजूच्या केबिनमध्ये बसतो. तिथून त्याला उजवीकडचे जवळचे काहीच दिसत नाही. अख्खी जीप त्या आडोशात नाहीशी होते. म्हणून खाणीत फिरणाऱ्या प्रत्येक जीपवर उंच काठी आणि तिच्या टोकाला झेंडा लावतात. ऑपरेटरला निदान झेंडा तरी दिसावा.

एका खाणीतली रात्र सांगतो. खाणीचे नाव घेत नाही. जानेवारीतली पहाट, साडेतीनचा सुमार, दाट धुके. डंपिंग यार्डवर गाड्या माती टाकायला मागे मागे जात होत्या. कडेला मातीचा बांध असतो, चाक त्याला टेकले की थांबायचे. एक गाडी थांबली नाही. मागची चाके बांधावर चढली आणि बांध दबू लागला. इशारा देणाऱ्या स्पॉटरने टॉर्च हलवून, ओरडून आकांत केला तेव्हा ब्रेक लागला. मी वर चढलो तर ऑपरेटर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता, बोटे सुटत नव्हती. त्याची ती सलग दुसरी शिफ्ट होती. बदली माणूस आला नाही म्हणून त्याला थांबवून घेतले होते. बांधापलीकडे साठ मीटर खोल उतार होता. उघड्या खाणींत माणसे मरतात ती सर्वाधिक डंपर-टिपरच्या अपघातांत, हे आमच्या खात्यातला प्रत्येकजण जाणतो. त्या पहाटेनंतर चालकाविना गाडीची कल्पना मला कधी थट्टेची वाटली नाही.

आता विजेकडे येतो, कारण तिथे बराच गैरसमज आहे. हे मोठे डंपर आधीपासूनच अर्धे विजेचे आहेत. डिझेल इंजिन जनरेटर फिरवते, आणि मागच्या चाकांत बसवलेल्या मोटरी गाडी ओढतात. उतारावर ब्रेक लावला की त्याच मोटरी उलट वीज तयार करतात. ती ठेवायला जागा नसते, म्हणून लोखंडी पट्ट्यांच्या ग्रिडमध्ये जाळून टाकतात. ग्रिडच्या पंख्यासमोर उभे राहिलात तर मे महिन्यातल्या रायपूरची लू बरी वाटेल, अशी झळ येते. वर्षानुवर्षे आम्ही ती वीज हवेत सोडत आलो.

थोडा हिशेब करू. भरलेला डंपर जवळजवळ ४०० टनांचा. तो १०० मीटर वर चढवायला किमान १०९ युनिट वीज लागते, म्हणजे एखाद्या साध्या घराची महिनाभराची. खाणीतला रस्ता साधारण सोळा मीटरला एक मीटर चढतो, तेव्हा १०० मीटर उंचीसाठी १,६०० मीटर चालावे लागते. रस्ता चांगला असला तरी चाकांच्या घर्षणात आणखी तिसरा हिस्सा जातो, पावसाळ्याच्या चिखलात त्याहूनही जास्त. रिकामी गाडी परत खाली उतरताना त्यातले थोडेच हाती लागते, कारण ती हलकी असते. गेवरा, कुसमुंडा या आपल्या कोरब्याच्या खाणी नेमक्या अशा आहेत. कोळसा खाली, खड्ड्याच्या तळाशी. भरून चढायचे आणि रिकामे उतरायचे. बॅटरीला याहून वाईट वाट नाही.

याच्या उलट स्वित्झर्लंडमधल्या पेरी गावची सिमेंट कारखान्याची दगडखाण. खाण डोंगरावर आणि कारखाना पायथ्याशी. तिथे कोमात्सूच्या एका डिझेल डंपरमधून इंजिन काढून बॅटरी बसवली. तो रिकामा वर जातो आणि ६५ टन दगड घेऊन खाली येतो. उतरताना एवढी वीज परत मिळते की बाहेरून चार्ज करण्याची गरज फारच थोडी उरते. आपल्याकडे असा डोंगर आहे. बैलाडिला. बैलाच्या वशिंडासारखा दिसतो म्हणून हे नाव. तिथे एनएमडीसी ही सरकारी कंपनी १९६८ पासून लोहखनिज काढते आणि माल माथ्यावरून खाली आणावा लागतो. उतारावरचा भरलेला कन्व्हेयर पट्टाही स्वतःच्या वजनाने मोटर फिरवून वीज देतो, तत्त्व तेच. माझे मत असे, की छत्तीसगढमध्ये विजेचे डंपर आणायचे तर ‘कुठली गाडी चांगली’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न उताराचा: माल वर जातो की खाली? कोरब्याला हवी असेल तर चढावर रेल्वेसारखी तार, स्वीडनच्या आयटिक तांब्याच्या खाणीत आहे तशी. पण आपल्या कोळसा खाणींत चढाची जागाच काही वर्षांत सरकते, खांब उपटून पुन्हा रोवावे लागतील. आणि जिथे पट्टा किंवा पाइप पुरतो तिथे ट्रक हवाच कशाला? गडचिरोलीत हेडरीपासून कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरच्या पाइपातून लोहखनिजाचा गाळ वाहू लागला, २०२५ च्या जुलैपासून.

कोणी म्हणेल, कोरब्याची वीज कोळशाचीच, मग विजेच्या डंपरने काय साधले? खरे आहे. धूर चिमणीतून निघणारच. पण खाणीच्या तळाशी, ज्या वाऱ्याविना खड्ड्यात आठ-आठ तास माणूस श्वास घेतो, तिथला धूर तरी जाईल. मी तो धूर घेतलेला आहे, म्हणून मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

आता चालक. २००८ मध्ये चिलीच्या गॅब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत कोमात्सूचे चालकाविना डंपर नेमाने काम करू लागले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पिलबरा भागात रिओ टिंटो कंपनीने ते आणले. आज पिलबऱ्याच्या गाड्यांवर देखरेख होते ती पर्थ शहरात, सुमारे १,५०० किलोमीटर दूर बसून. २०२५ च्या मेमध्ये चीनने इनर मंगोलियातल्या यिमिन कोळसा खाणीत १०० गाड्यांचा ताफा एकदम उतरवला. प्रत्येक गाडी ९० टनी, बॅटरीवर चालणारी, उणे ४० अंशांतही धावणारी. आणि त्या गाडीला केबिनच नाही. खुर्ची ठेवायला जागाच ठेवलेली नाही.

हे आपल्याकडे लगेच होईल का? गेवऱ्यासारख्या खाणीत उपग्रहाच्या मदतीने कोणता डंपर माल भरणाऱ्या कोणत्या शॉवेलकडे जाईल हे संगणकाने ठरवण्याची सोय काही वर्षांपासून आहे. पहिली पायरी आपण चढलो आहोत. अडचण रस्त्याची आहे. स्वयंचलित गाडीला स्वच्छ, रिकामा, रोज मोजलेला रस्ता लागतो. आपल्या खाणींतल्या हॉल रोडवर आषाढात गुडघाभर चिखल, मध्येच पाण्याचा टँकर, ठेकेदाराचे हायवा, साहेबांची जीप. अनोळखी वस्तू दिसली की ती गाडी थांबते, आणि इथे अनोळखी वस्तू दर वळणावर. तरी मी म्हणतो की होईल. विजेचे होईल, आणि चालकाविनाही होईल.

मग यंत्र आल्यावर माणसाचे काय? हा प्रश्न छत्तीसगढला नवा नाही. १९७८ च्या एप्रिलमध्ये किरंदुलला, याच बैलाडिल्यात, यंत्रे आल्यावर हजारो ठेका मजुरांची कपात झाली. मजूर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच काळात दल्ली राजहऱ्याला, भिलाई पोलाद कारखान्याच्या लोहखनिजाच्या खाणीत, शंकर गुहा नियोगी आणि त्यांची मजूर संघटना यंत्रीकरणाचा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळत होती. त्यांनी ‘यंत्र नको’ एवढेच म्हटले नाही. त्यांनी अर्धयंत्रीकरणाचा आराखडा स्वतः मांडला: कोणते काम यंत्राने करावे, कोणते हाताने, आणि त्यात खर्च कसा कमी पडतो. पाटी उचलणाऱ्या बायका त्या संघटनेत होत्या, आणि त्यांनी खाणीच्या अर्थशास्त्रावर वाद घातला. १९८३ मध्ये याच मजुरांनी स्वतःचे शहीद रुग्णालय उभे केले. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये भिलाईत नियोगींची हत्या झाली. मी व्यवस्थापनाच्या बाजूचा माणूस. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांचा तो आराखडा आमच्या टेबलावर चेष्टेने फिरला होता. आज मला वाटते, आम्ही तो नीट वाचायला हवा होता.

आता मुळाशी येतो. कोळशासाठी जमीन जाते तेव्हा कोल इंडियाच्या धोरणानुसार दोन एकरांमागे एक नोकरी मिळते. त्यामुळे कोरब्यात डंपरची खुर्ची म्हणजे नुसती नोकरी नाही, ती शेताची किंमत आहे. आपल्या माधवराव सप्र्यांनी १९०१ साली ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट छापली. झोपडी गेलेली विधवा जमीनदाराकडे आपल्या मातीतली टोपलीभर माती मागते, आणि ती टोपली त्याला उचलत नाही. ही गोष्ट मी शाळेत वाचली, पण तिचा अर्थ कोरब्यात कळला. मागच्या वर्षी तिथल्या एका आयटीआयमध्ये बोलायला गेलो होतो. यिमिनचा व्हिडिओ दाखवला. मुले गप्प. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि छत्तीसगढीत म्हणाला, “गाड़ी बिन डरेवर के चलही, त हमर भुइयाँ के नौकरी कोन ला मिलही?” गाडी ड्रायव्हरविना चालली, तर आमच्या जमिनीची नोकरी कोणाला मिळणार?

कंपनीच्या ऑपरेटरची नोकरी निदान कागदावर असते. ठेकेदाराच्या हायवावर बसणारा पोरगा कोणत्याच यादीत नसतो. आज माती आणि कोळशाचे मोठे काम याच पोरांच्या जिवावर चालते. यंत्र आले की पहिला तोच जाईल, आणि त्याच्या जाण्याची नोंदही होणार नाही.

खुर्ची पूर्ण नाहीशी होत नाही, मंडळी. ती केबिनमधून उठून कंट्रोल रूममध्ये जाते. पडद्यासमोर कोणीतरी बसतेच. अडलेली गाडी सोडवणारा लागतो, रस्ता मोजणारा लागतो, रडार पुसणारा लागतो, बॅटरी बदलणारा लागतो. पिलबऱ्यात ती खुर्ची पर्थला गेली, कारण तिथे वस्ती फारच विरळ होती. कोरब्यात वस्ती आहे, आणि तिच्याच शेतात आपण खड्डा केला आहे. ती खुर्ची बिलासपूरला, नाहीतर हैदराबाद-बंगळुरूला नेण्याचा मोह होणार, कारण तार आणि पडदा कुठेही बसतो. तो मोह टाळता येतो, पण निविदा निघायच्या आधी. निविदेत एक ओळ हवी: कंट्रोल रूम त्याच जिल्ह्यात, आणि तिच्यातल्या जागांवर पहिला हक्क त्याच खाणीचे ऑपरेटर, ठेकेदाराचे चालक आणि जमीन गेलेल्या घरांतल्या मुलामुलींचा. शिकवणी यंत्र येण्याच्या दोन वर्षे आधीपासून. आणि क्रम असा: आधी डिझेल काढा. माणूस काढायची वेळ येईल तेव्हा त्याच्याशी बोलून काढा, राजहऱ्याच्या बायकांशी बोलायला हवे होते तसे.

या सभागृहात रायपूरच्या एनआयटीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंग शिकलेली निदान दहा-बारा माणसे मला समोर दिसत आहेत. रायपूरचे कॉलेज १९५६ साली खाणकाम आणि धातुशास्त्रासाठीच निघाले. निविदांचे मसुदे तुमच्याच टेबलावरून जातात, तुमच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावरून जातील. ती ओळ लिहिणारा हात तुमचा असू शकतो.

त्या मुलाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच आयटीआयमध्ये जाणार आहे. या वेळी व्हिडिओ नेणार नाही. निविदेची भाषा कशी वाचायची, कोणत्या कलमात काय मागायचे, हे त्या मुलांना शिकवायला जातो आहे. तुमच्यापैकी कोणाला सोबत यायचे असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटा. सकाळच्या गाडीने निघू.