ज्येष्ठ हृदयरुग्णाचा खोळंबा

हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने बंद झाली की साधारण अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरू लागतो आणि पुढच्या काही तासांत हानी वाढत जाते. म्हणून उपचाराचे निकष मिनिटांत बांधलेले आहेत. रुग्ण दारात आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी, सोय असेल तिथे 90 मिनिटांत अँजिओप्लास्टी. ती 120 मिनिटांत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ताबडतोब.

हे निकष रुग्णालयाच्या दारापासून वेळ मोजतात. रुग्णाचा खोळंबा मात्र घरातच सुरू होतो. साठी-सत्तरीनंतर, विशेषतः मधुमेह असेल तर, छातीत कळ येईलच असे नाही. धाप लागते, दरदरून घाम फुटतो, घेरी येते, कधी नुसता गळाठा येतो. घरचे ‘पित्त झाले असेल’ म्हणतात, आणि गल्लीतल्या दवाखान्यातही ईसीजीऐवजी अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते. पुढे वाहन, मग तालुक्याचे रुग्णालय, तिथून जिल्ह्याला रवानगी. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर आणि तेच प्रश्न.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर खोळंब्याचे स्वरूप बदलते. बरोबर कोण आहे, डिपॉझिट कोण भरणार, योजनेचे कार्ड आणले का, मंजुरी आली का, हे प्रश्न पुढे येतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2024पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता सामावले आहे. योजनांनी खर्चाचा भार हलका केला. पण मुले परगावी असलेल्या एकट्या वृद्धाला कागदांची जुळवाजुळव जमत नाही. तातडीच्या उपचारासाठी कागदांची वाट पाहू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

नियोजित उपचारांतला खोळंबा तितका नजरेत भरत नाही, पण तोही घातक असतो. महारोहिणीची झडप वयोमानाने कडक होऊन अरुंद झाली आणि लक्षणे दिसू लागली, की झडप न बदलल्यास सुमारे निम्मे रुग्ण दोन वर्षांत दगावतात. अशा रुग्णाला पुढची तारीख देताना ही मुदत डोळ्यांपुढे असायला हवी. रात्रीपासून उपाशी ठेवून दुपारी ‘आज होणार नाही, उद्या बघू’ असे सांगितले जाते, तेव्हा मधुमेही वृद्धाच्या शरीरालाही त्याची किंमत मोजावी लागते.

या अनुभवातून आलेल्या त्राग्याला ‘म्हातारपणाचा चिडचिडेपणा’ म्हणणे अन्यायाचे आहे. वृद्धाला थांबण्याचा राग कमी आणि कारण न कळण्याचा राग अधिक असतो. चर्चा मुलाशी होते, सही मुलाची घेतली जाते आणि ज्याचे हृदय आहे तो खाटेवर ऐकत राहतो. कधी त्याची तक्रार नव्या लक्षणाची पहिली सूचना असते; ती कटकट समजून सोडली, तर निदानच हुकते.

यावर मार्ग आहेत. तामिळनाडूने लहान रुग्णालये मोठ्या हृदयोपचार केंद्रांशी जोडून, आधी इंजेक्शन आणि मग अँजिओग्राफी, ही साखळी उभी करून दाखवली. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून तो दूरच्या तज्ज्ञाला फोनवर दाखवणे आज अवघड नाही. पंचाहत्तरीपुढे मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या निम्म्या मात्रेची शिफारस आहे. वय अधिक म्हणून उपचारच टाळणे मात्र शास्त्राला धरून नाही.

हृदयरोगाशी संबंधित प्रत्येक डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालय प्रशासकाला आवाहन आहे: लक्षणे सुरू झाल्याची वेळ केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहावी, प्रत्येक विलंबाचे कारण नोंदवावे आणि ते नातेवाइकांच्या आधी रुग्णाला सांगावे.