स्वस्त बास गिटारची मशागत

बिरसी हें गोंदिया जिल्ह्यांतील गांव. त्याचें नांव दूरवर पोंचलें तें विमानतळामुळें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें येथें धांवपट्टी बांधली आणि या शतकांत तेथें वैमानिकांचें शिक्षणही होऊं लागलें. वैमानिकाचा पहिला धडा तपासणीचा असतो. विमान जमिनीवर असतांनाच त्याचा एकेक भाग ठराविक क्रमानें पाहावयाचा, हा तो धडा. याच परिसरांत दिवाळीनंतर धानाची कापणी उरकत आली कीं मंडई भरते आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. अशा मंचावर वाजविण्याच्या हौसेनें एखादा तरुण हलक्या किंमतीची विजेची बास गिटार घेऊन येतो, तेव्हां वैमानिकाचा तो धडा त्याच्याही उपयोगाचा असतो.

हें वाद्य फार जुनें नाहीं. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं पॉल टटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत तसें एक वाद्य घडविलें. परंतु त्याचा खरा प्रसार झाला तो लिओ फेंडर याच्या १९५१ मधील ‘प्रिसिजन बास’पासून. त्यापूर्वींचा उभा बास माणसाएवढा उंच, नेण्या-आणण्यास अवघड आणि मोठ्या वाद्यवृंदांत ऐकूं न येणारा. फेंडरनें तो गळ्यांत अडकविण्याजोगा केला, आणि पडदे बसवून स्वर अचूक केला. चार तारा, त्यांची कंप पावणारी लांबी सुमारें ८६ सेंटिमीटर, आणि सर्वांत खर्जाच्या तारेचीं आंदोलनें सेकंदाला सुमारें ४१. लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. त्याजवळ पोलादी तार थरथरली कीं वेटोळ्यांत अल्पशी वीज उत्पन्न होते. स्वस्त वाद्य काय आणि महाग वाद्य काय, तत्त्व हेंच.

मग स्वस्ताई येते कोठून? लांकूड कापणें, भोंकें पाडणें हीं कामें आतां यंत्रें बिनचूक करतात. काटकसर होते ती शेवटच्या हातकामांत. या हातकामाचें मोल मिरजेच्या सतारकारांनीं फार पूर्वीं ओळखलें. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातून तेथें तंतुवाद्यें घडूं लागलीं, आणि २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. भोपळा उत्तम, लांकूड उत्तम, पण घोडीवरची जवारी नीट निघाली नाहीं, तर तंबोरा मुकाच राहतो. कानशीचे चार हलके हात आणि सावध कान यांनींच तो बोलूं लागतो. बास गिटारलाही हाच न्याय लागू आहे. आणि जें हातकाम कारखान्यानें वगळलें, तें धीर धरल्यास घरींही पुरें करतां येतें.

पहिली तपासणी मानेची. चारही तारा मिळून मानेवर सुमारें ७५ ते ८० किलो वजनाइतका ओढा देतात. तो तोलण्यासाठीं मानेच्या पोटांत पोलादी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. तार पहिल्या पडद्यावर आणि मान धडास मिळते तेथील पडद्यावर एकाच वेळीं दाबावी, व सातव्या-आठव्या पडद्यापाशीं तिच्याखालीं किती फट उरते तें पाहावें. ती सुमारें ०.३ मिलिमीटर असावी. मोटारसायकलच्या मिस्त्रीकडील फीलर गेजच्या पात्यानें ती मोजतां येते. फट अधिक असल्यास सळईचा पेंच घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें आंवळावा, पण एका वेळीं पाव फेराच; मग तारा सुरांत आणून पुन्हा मोजावें. येथें बळजबरी केल्यास सळई तुटते, आणि मान बदलण्याची पाळी येते.

दुसरी तपासणी खुंट्यांजवळील खांचांच्या पट्टीची. तिला नट म्हणतात. स्वस्त वाद्यांत या खांचा बहुधा उंच राहिलेल्या असतात. त्यामुळें पहिल्या पडद्यावर दाबतांना तार जादा ताणली जाऊन स्वर चढा लागतो. शिकणाऱ्यास वाटतें, आपला कानच कच्चा आहे. कित्येक होतकरू या एका गैरसमजापायीं वाद्य खुंटीला टांगतात! दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांमध्यें तार दाबली असतां पहिल्या पडद्यावर केसभर फट राहावी, इतकीच खांच बारीक कानशीनें उतरवावी. त्यानंतर घोडी. बाराव्या पडद्यावर तारेस नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेंच ती दाबून निघणारा स्वर ताडून पाहावे. दाबलेला स्वर चढा असेल तर तारेखालील टेकू मागें न्यावा, उतरा असेल तर पुढें आणावा.

हें काम एकदां करून भागत नाहीं. गोंदियाकडील उन्हाळा कडक. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या कोरड्या हवेंत लांकूड आकसतें, धातूचे पडदे मात्र आकसत नाहींत; म्हणून त्यांचीं टोकें बाहेर येऊन तळहातास बोचतात. तीं हलक्या हातानें घांसावीं. पावसाळ्यांत तेंच लांकूड ओल पिऊन फुगतें, मान बहुधा पुढें वांकते आणि तारा उंच होतात. धानाच्या बांध्या जशा दरसाल नीट कराव्या लागतात, तशीच ऋतु पालटतांच वाद्याचीही मशागत करावी.

यानंतर विजेचा भाग. भारतांत विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा. खर्जाच्या तारेवरील तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ आंदोलनांचा. म्हणजे विजेची गुणगुण या वाद्याच्या स्वरांच्याच घरांत शिरते, आणि स्वर बदलण्याच्या बटणानें ती हटत नाहीं. वाद्याच्या पोकळींत तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो भूसंपर्काच्या तारेस डांक देऊन जोडावा. गुणगुण पुष्कळ कमी होते. मात्र याहून मोठी गोष्ट वादकाच्या जिवाची. तारा घोडीमार्फत अँप्लिफायरच्या भूसंपर्कास जोडलेल्या असतात. मंडपांतील अर्थिंग सदोष असेल, तर अँप्लिफायरमधील बिघाड थेट बोटांपर्यंत पोंचूं शकतो. म्हणून वाद्य हातीं घेण्यापूर्वीं अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें, आणि प्लगचा तिसरा खिळा कधींही काढूं नये.

नव्या चुंबकांचा खर्च सर्वांत शेवटीं. आहेत तेच चुंबक तारेच्या फार जवळ असतील तर तारेस ओढून स्वर डळमळवितात. पेंच फिरवून ते खालीं घेतल्यास पैसाही न लागतां आवाज सुधारतो. तारांचेंही असेंच. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठीं १९६० नंतरच्या दशकांत वाजविणारा जेम्स जेमर्सन हा सपाट वेढ्याच्या जाड तारा वर्षानुवर्षें बदलीत नसे, आणि त्याचा भरदार स्वर आजही नमुन्यादाखल ऐकविला जातो. तेव्हां प्रथम मान, मग नट, मग घोडी, पुढें भूसंपर्क, आणि इतकें करून उणें राहिलें तरच नवी खरेदी, हा क्रम सोडूं नये. हंगामाच्या पहिल्या प्रयोगापूर्वीं एक संध्याकाळ या तपासणीस दिली, तर बिरसीच्या मंचावर तें स्वस्त वाद्यही गाण्यास भक्कम आधार देईल.