तपासाची पुंजी

गुप्त पोलीस म्हटला की रहस्यकथेतील नायक डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्यक्षातील शोधकर्त्याचे जीवन निराळे असते. बंदोबस्त, नाकाबंदी, न्यायालयातील हजेरी व नोंदवह्या यांत त्याचा बराच दिवस सरतो. ज्या कामासाठी त्याची नजर तयार झालेली असते, नेमक्या त्याच कामाला वेळ उरत नाही. ही केवळ त्याची वैयक्तिक खंत नव्हे. त्यात समाजाचेही नुकसान आहे.

शोधकर्त्याची खरी पुंजी म्हणजे त्याची स्मरणशक्ती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी रमण राघव यास मुंबईच्या रस्त्यावर ओळखले, ते त्याचे वर्णन ध्यानात राहिले होते म्हणूनच.

अंधेरीतील डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २००८ ते २०१५ या काळात या ठाण्यात १६६ मुली हरवल्याच्या नोंदी झाल्या. भोसले व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी १६५ मुलींचा शोध लावला. राहिली ती एक. २२ जानेवारी २०१३ रोजी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली ही मुलगी अवघ्या सात वर्षांची होती.

२०१५ साली भोसले सेवानिवृत्त झाले. गणवेशाबरोबर अधिकारही संपले. संपली नाही ती जबाबदारीची जाणीव. त्या मुलीचे छायाचित्र जवळ बाळगून ते सामान्य नागरिक म्हणून विचारपूस करीत राहिले. अखेर ४ ऑगस्ट २०२२ रोजी ती आईला भेटली. इतकी वर्षे ती दूरदेशी नव्हती, तर अंधेरी परिसरातच होती. हरवल्याच्या जुन्या पत्रकावरील एक दूरध्वनी क्रमांक अद्याप चालू होता, त्यावरून संपर्क जुळला.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानी येतात. पहिली ही, की तपासाचे काम कायदा व सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळे असावे. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात तसा आदेश दिला होता. तपासासाठी राखलेला माणूस बंदोबस्तात अडकला, तर हरवलेल्या मुलाचे मोलाचे तास वाया जातात. दुसरी ही, की निवृत्तीबरोबर अनुभवही घरी बसतो. जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांत अशा अनुभवी माणसांचा सल्ला घेता येण्याजोगा आहे.

नागरिकांचेही कर्तव्य आहेच. मूल हरविल्यास चोवीस तास वाट पाहण्याचे कारण नाही. १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार अशा तक्रारीवर गुन्हा नोंदविणे आवश्यक आहे. १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर त्वरित कळवावे, मुलाचे अलीकडचे छायाचित्र जपून ठेवावे आणि पत्रकावर दिलेला दूरध्वनी क्रमांक सहसा बदलू नये. पोलिसाची नजर आणि शेजाऱ्याची जागरूकता एकत्र आली, तर हरवलेल्या मुलाची घरची वाट पुष्कळच जवळ येईल.