पंचाहत्तर टक्के

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि गणिताच्या सरांनी मघाशीच हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. सर, सवय गेली नाही तुमची. आमचीही नाही, घड्याळ बघितल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला.

मला विषय दिलाय ‘आपल्या शाळेचे नियम’. आपल्या वेळी नियम भरपूर होते. प्रार्थनेची घंटा झाल्यावर फाटकातून आत आलं की लेट-मार्क. तीन लेट-मार्क झाले की पालकांना बोलावणं. चाचणी, सहामाही आणि वार्षिक मिळून पस्तीस टक्के हवेत, नाहीतर वर्ग बदलत नसे. दहावीला कार्यानुभव, समाजसेवा आणि शारीरिक शिक्षण यांच्या श्रेण्या शाळेनं द्यायच्या असत. समाजसेवेसाठी आपण मिशन हॉस्पिटलचं आवार झाडायचो. ‘अ’ श्रेणी मिळावी म्हणून वाळलेली पानं पुन्हा पसरून पुन्हा झाडणारे दोघंजण आज पहिल्या रांगेत बसलेत. नावं सांगत नाही.

शाळा मिशनची, पण अनुदानित. त्यामुळे धर्मशिक्षण कोणावर लादता येत नव्हतं. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे: अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण घ्यायचं तर संमती हवी, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. ख्रिस्ती मुलं शास्त्राच्या तासाला जायची, बाकीचे आपण नीतिशिक्षणाला. पाचवीत माझं नाव घातलं तेव्हा मोठ्या बाईंनी आईला हे सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, मुलाला कुठल्या तासाला बसवू? माझी आई अंगठेबहाद्दर. ती म्हणाली, “कुठंबी बसवा, पर उठवू नका.”

त्या वाक्याचा अर्थ मला दहावीत कळला.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली असायची, गाडी यायची आणि गाव रिकामं व्हायचं. मी आजीजवळ राहून शाळा करायचो. १९८१ च्या पावसाळ्यात आजी पडली. तिच्यापायी माझे दहाएक दिवस बुडाले. दिवाळीत ती गेली. मग घराला कुलूप लागलं आणि मीही आई-वडिलांबरोबर कारखान्यावर गेलो. ते दोघं पहाटे कोयता घेऊन फडात जायचे आणि मी कोपीवर धाकट्या बहिणीला सांभाळायचो. दहावीची पुस्तकं पत्र्याच्या पेटीत होती. ती उघडायचो, पण संध्याकाळी भाकरी थापणारं दुसरं कोणी नव्हतं.

नाताळची सुट्टी संपल्यावर वडिलांनी मला परत आणून सोडलं. मोठ्या बाईंनी वर्गाचा कॅटलॉग मागवला. बोर्डाचा नियम तुम्हाला माहीत आहे: नियमित विद्यार्थी म्हणून बसायचं तर पंचाहत्तर टक्के हजेरी. तोवर शाळा भरली होती १४० दिवस. मी हजर होतो ९६ दिवस. म्हणजे साडेअडुसष्ट टक्क्यांच्या जरासं वर.

ऑफिसात कोणीतरी म्हणालं, “बाई, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणायला सांगा. कावीळ झाली होती म्हणायचं.” आजारपणाचा पुरावा असला की कमी हजेरी माफ होऊ शकते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनी लगेच मान हलवली. बाई म्हणाल्या, “त्याला कावीळ झालेली नाही. त्याचे आई-वडील ऊस तोडतात. यात लपवायचं काय आहे?”

मग त्यांनी कागद घेतला. शाळा अजून ४० दिवस भरणार होती. १४० आणि ४०, १८०. त्याचे पंचाहत्तर टक्के १३५. माझे ९६ झालेले, उरले ३९. चाळीस दिवसांत एकोणचाळीस दिवस. बाईंनी कागद माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “तुझ्याजवळ एक दिवस शिल्लक आहे. जपून वापर.”

बोर्डिंगमध्ये जागा नव्हती. जेवणघराच्या शेजारच्या खोलीत, धान्याच्या पोत्यांजवळ, त्यांनी माझी वळकटी टाकली. तुमच्यापैकी अनेकांना ती खोली आठवत असेल. मला अजून ज्वारीच्या पोत्याचा वास आला की भूमिती आठवते.

तो एक दिवस मी जानेवारीतच खर्च केला. बहिणीला ताप भरला होता, निरोप आला आणि मी गेलो. परत आलो तेव्हा शिल्लक शून्य. फेब्रुवारीत मलाच ताप आला. शंभराच्या वर. सकाळी वॉर्डनने चादर अंगावर टाकली आणि म्हणाला, झोप. मी चादरीसकट वर्गात आलो. सर हजेरी घेत होते. माझं नाव आलं, मी ‘हजर’ म्हणालो आणि बाकावर डोकं ठेवलं. सरांनी शेवटचा बाक रिकामा करून घेतला, मला तिथं आडवं केलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, “आज हळू आवाजात शिकायचं.” सर, तुम्ही त्या दिवशी समरूप त्रिकोण शिकवलेत. मी ऐकत होतो.

१९८२ च्या मार्चमध्ये मी परीक्षेला बसलो. पहिला-बिहिला आलो नाही. बावन्न टक्के मिळाले. पण त्या बावन्न टक्क्यांवर डी.एड. झालो, नोकरी करता करता पदवी आणि बी.एड. केलं, आणि शेवटची अकरा वर्षं एका हायस्कूलचा मुख्याध्यापक होतो.

इथवरची गोष्ट टाळ्यांची आहे. आता दुसरी सांगतो. कालच बाईंच्या घरी जाऊन मी परवानगी मागितली होती. बाई म्हणाल्या, “सांग. पण माझ्या बाजूनं सारवासारव करू नकोस.”

पाचवीपासून नववीपर्यंत माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. चित्रकलेच्या तासाला सगळा वर्ग त्याच्याकडून बैल काढून घ्यायचा, म्हणजे तुम्हाला कळलं असेल. नववीत तो इंग्रजी आणि गणितात नापास झाला. नियमानं त्याला पुन्हा नववीत बसता आलं असतं. पण त्या वर्षी आपल्या शाळेचा दहावीचा निकाल घसरला होता आणि संस्थेकडून विचारणा झाली होती. त्याच्या वडिलांना बोलावून समजावण्यात आलं: दाखला काढा, पुढं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, शाळेत अडकून वर्ष कशाला घालवता? वडील हमालीला जायचे. साहेबलोक भल्याचंच सांगतात, असं त्यांना वाटलं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रकाने असतात. प्रगती: बरी. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. पालकांनी विनंती केलीच नव्हती. माझ्या बाबतीत ज्या शाळेनं खोटी कावीळ लिहू दिली नाही, त्याच शाळेनं सहा-सात महिने आधी ही ओळ लिहिली होती.

त्यानं नंतर १७ नंबरचा फॉर्म भरला. दोनदा बसला, दोन्ही वेळा इंग्रजीत राहिला. शिकवणार कोण होतं? मग सोडून दिलं. आमच्या वर्षीचा निकाल मात्र चांगला लागला. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिला होता, मी स्वतः वाचला.

हे मी बाईंना दोष देण्यासाठी सांगत नाही. बोट दुसऱ्याकडे दाखवायचा हक्क मी गमावून बसलोय. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेचा शंभर टक्के निकाल सलग तीन वर्षं लागला. सत्कार झाले, शाल-श्रीफळ मिळालं. त्या तीन वर्षांत नववीच्या अकरा मुलांच्या दाखल्यांवर मी सही केली आहे. कारण: पालकांच्या विनंतीवरून. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा आला, आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असं ठरलं. मग चाळणी सरकली नववीत. अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असा २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला; पण निकालाच्या टक्क्यांची भूक मिशनच्या शाळेला, संस्थेच्या शाळेला आणि माझ्या शाळेला सारखीच होती. ही भूक जुनी आहे. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात परीक्षेचा निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धतच होती. पद्धत गेली, सवय राहिली.

पंचाहत्तर टक्के हजेरी हा नियम माझ्यावर कडक होता. पण त्या नियमात मी कुठं कमी पडतो, किती कमी पडतो आणि काय केलं तर पुरा पडेन, हे एका कागदावर मांडता येत होतं. बाईंनी ते मांडलं आणि पोत्यांजवळ जागा दिली. माझ्या मित्राला कोणी असा कागद दाखवला नाही. त्याला इंग्रजीत किती गुण कमी होते, हे त्याला आजही माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी त्याला शोधून काढलं. नगर रस्त्याला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर त्यानं स्वतः रंगवलेला बैल आहे, तोच, शिंगं वळलेला. मी मेळाव्याचं निमंत्रण दिलं. त्यानं हात पुसले, पत्रिका वाचली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘१९८२ एस.एस.सी. बॅच’. तो म्हणाला, “मी नाही रे यात. माझा दाखला नववीचा. मी कुठल्या बॅचचा?”

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ते आज इथं मागतो आहे.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली स्मरणिकेच्या संपादकांना. मागच्या पानांवर आपण सर्वांच्या नावांची यादी छापणार आहात. ती उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाप्रमाणे लावू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाला नंबर आहे; पास झालेल्यालाही, सोडून गेलेल्यालाही. पाचवीत जून १९७६ ला जे आले, ते सगळे एका बॅचचे. रजिस्टरमधून नावं उतरवून घ्यायचं काम मी करीन. अक्षर बरं आहे माझं.

दुसरी माजी विद्यार्थी संघाला. आपण शंभर टक्के निकालासाठी फिरती ढाल देण्याचं ठरवतो आहोत. ती ढाल देऊ नये. तेच पैसे नववीत मागे पडणाऱ्या मुलांच्या जादा तासांना आणि हंगामात गाव सोडणाऱ्यांच्या मुलांसाठी बोर्डिंगच्या चार-दोन जागांना द्यावेत. पोत्यांजवळच्या असल्या तरी चालतील. शनिवारी गणित शिकवायला मी येईन. निवृत्त माणूस आहे, मानधन नको, चहा पाजा.

तिसरी आजच्या मुख्याध्यापकांना. सर, दाखल्यावर कारणाचा रकाना भरताना खरं कारण लिहा. एकदा खरं लिहायचं ठरवलं की अर्धे दाखले लिहिलेच जाणार नाहीत. हे मी अकरा सह्या केलेला माणूस सांगतोय.

सरांनी घड्याळ उचललं आहे. आईचं वाक्य पुन्हा सांगतो आणि बसतो. ती म्हणाली होती, कुठंबी बसवा, पर उठवू नका. बाई, तुम्ही मला बसवलंत. ज्यांना आपण उठवलं, त्यांची नावं तरी यादीत बसवू या.